साठीच्या स्वाराने मोटारसायकल कशी निवडावी

नोकरीची मुदत संपून निवृत्तिवेतनाचे कागद हाती पडले, मुलांची शिक्षणे आणि लग्नकार्ये यथासांग पार पडली आणि घराचे हप्ते एकदाचे फिटले, म्हणजे तरुणपणी येझदीवर किंवा बुलेटवर घाट ओलांडलेल्या पुष्कळ गृहस्थांच्या मनात अनेक वर्षे मिटून राहिलेली एक इच्छा पुन्हा डोके वर काढते. रेवसपासून रेड्डीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जावे, कच्छच्या रणाची कड पाहावी, आणि देहाने साथ दिली तर मनाली मागे टाकून लेहपर्यंत पोहोचावे, अशी ती इच्छा असते. ती पोरकट मुळीच नव्हे. प्रपंचाचे ऋण फेडून झाल्यावर उरलेला वेळ स्वतःच्या मर्जीने खर्च करण्याचा अधिकार मनुष्याने कमावलेला असतो, आणि नियमित व्यायाम करणाऱ्या, डोळे व रक्तदाब वेळच्या वेळी तपासून घेणाऱ्या साठीच्या स्वाराला असा प्रवास सुखरूप करता येतो. प्रश्न आहे तो वाहनाच्या निवडीचा; कारण ज्या जातीच्या मोटारसायकली आज अशा प्रवासासाठी विकल्या जातात, त्या मुळात त्याच्यासाठी घडविलेल्या नाहीत.

या जातीचा इतिहास थोडक्यात पाहिला तर हे ध्यानात येईल. १९७८ च्या डिसेंबरअखेर पॅरिसहून निघून सहारा ओलांडीत सेनेगलमधील डाकारपर्यंत जाणारी शर्यत पहिल्यांदा सुरू झाली, आणि वाळू, दगड व सडक या तिन्हींवर चालेल अशा यंत्राची गरज युरोपातील कारखानदारांना भासू लागली. १९८० साली बीएमडब्ल्यू कंपनीने ‘आर ८० जी/एस’ ही सुमारे ८०० घनसेंटिमीटर क्षमतेची मोटारसायकल बाजारात आणली, आणि लगेच १९८१ च्या शर्यतीत यूबेर ओरिओल या फ्रेंच स्वाराने त्याच कंपनीच्या गाडीवर विजय मिळविला. आज ज्यांना ‘ॲडव्हेंचर टूरर’ म्हणतात त्या सर्व मोटारसायकलींची वंशावळ बहुतांशी येथून सुरू होते. खडबडीत जमिनीवर चाकाला वरखाली व्हायला मोकळीक हवी म्हणून सस्पेन्शनचा पल्ला लांब ठेवला गेला. इंजिनाचे पोट दगडाला लागू नये म्हणून सारा सांगाडा उंचावर गेला. आणि सांगाड्याबरोबर आसनही चढत गेले. लांब पायांच्या तरुण युरोपीय स्वाराला ही उंची अडचणीची वाटली नाही. पाच फूट पाच इंच उंचीच्या, गुडघ्यांनी कुरकुर सुरू केलेल्या मराठी गृहस्थाला तीच उंची प्रत्येक सिग्नलवर जाणवते.

सबब, माझे म्हणणे असे की वयस्क स्वाराने मोटारसायकल निवडताना ती धावते कशी यापेक्षा थांबते कशी, वळविताना हाताळली जाते कशी आणि कलंडली तर सावरता येते कशी, याची परीक्षा आधी करावी. वेग आला की दोन चाकांवरचे वाहन आपला तोल बव्हंशी आपणच सांभाळते, आणि २४० किलोची गाडीसुद्धा महामार्गावर पिसासारखी हलकी वाटते. तिचे खरे वजन कळते ते ताशी पाच किलोमीटरच्या खाली.

कोकणच्या किनारी रस्त्याने जाणाऱ्याला याचा अनुभव खाड्यांवर येतो. आगरदांड्याहून दिघीला, वेश्वीहून बागमांडल्याला, दाभोळहून धोपाव्याला किंवा तवसाळहून जयगडला जाताना वाहने फेरीबोटीवर चढवावी लागतात. बोटीचा लोखंडी फलाट धक्क्यावर टेकतो. त्या पत्र्यावर खाऱ्या पाण्याचा आणि ओल्या वाळूचा बुळबुळीत थर असतो. पुढे एखादा टेम्पो थबकलेला, मागे रिक्षावाला हॉर्न वाजवीत असतो, आणि बोटीवरचा माणूस हाताने इशारा करून ‘डावीकडे घ्या, अजून डावीकडे’ असे ओरडत असतो. तेथे चढावर अर्धवट थांबून, एक पाय ओल्या लोखंडावर टेकवून, सामानासह गाडी उभी धरावी लागते. इंजिनाची अश्वशक्ती त्या क्षणी उपयोगाची नसते. पाय जमिनीला पुरता पोहोचतो की नाही आणि कलणारे वजन मांडीला पेलते की नाही, एवढ्यावरच सारे अवलंबून असते.

हे वजन पेलणे म्हणजे नेमके काय, याचा हिशेब शाळेतल्या तरफेच्या नियमाने करता येतो. २०० किलोची मोटारसायकल घेऊ; तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर आणि हँडलची मूठ ११० सेंटिमीटरवर आहे असे धरू. गाडी सरळ उभी असताना तिला धरून ठेवायला बोटभर जोर पुरतो. ती ५ अंशांनी कलली तर मुठीशी सुमारे ९ किलोचा जोर लावावा लागतो, १० अंशांनी कलली तर १७ किलोचा आणि २० अंशांनी कलली तर ३४ किलोचा. म्हणजे पहिल्या काही अंशांत जे कार्य मनगटाचे असते तेच क्षणार्धात कंबरेचे होते, आणि पुढे माणसाच्या आवाक्याबाहेर जाते. आता याच गाडीवर, जमिनीपासून ९० सेंटिमीटर उंचीवर, ३० किलो सामान बांधा. एकूण वजन १५ टक्क्यांनी वाढले, पण गाडीला कलंडविणारा जोर मात्र जवळजवळ २५ टक्क्यांनी वाढला, कारण सामान उंचावर आहे. आसनामागे मोठी पेटी बसवून तिच्यात सर्व जड वस्तू भरण्याची जी पद्धत आपल्याकडे रूढ आहे, ती या कारणाने वयस्क स्वाराने सोडून द्यावी. हत्यारे, पंक्चरचे साहित्य आणि पाण्याच्या बाटल्या शक्य तितक्या खाली व पुढे, दोन्ही बाजूंच्या झोळ्यांत विभागून ठेवाव्यात आणि मागे फक्त कपडे ठेवावेत. बाजूच्या पेट्या पत्र्याच्या असतील तर पडलेल्या गाडीखाली पाय सापडण्याचे भयही असते. कापडी झोळ्या अशा वेळी अधिक क्षमाशील ठरतात.

वयाबरोबर शरीरात होणारे बदल आपल्या परिचयाचे आहेत, तथापि मोटारसायकलीच्या संदर्भात त्यांची उजळणी केलेली बरी. स्नायूंचे बल चाळिशीनंतर हळूहळू आणि साठीनंतर अधिक वेगाने घटते. खुब्याच्या सांध्याची लवचीकता कमी झाल्याने आसनावरून पाय पलीकडे टाकणे अवघड होते. जवळचे व दूरचे यांत दृष्टी बदलायला वेळ लागतो. आणि मोतीबिंदूची सुरुवात असेल तर समोरच्या दिव्यांचा झगमगाट असह्य होतो. धोका ओळखून ब्रेक दाबेपर्यंतचा अवधीही थोडा लांबतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर अंतर तोडते. म्हणजे अर्ध्या सेकंदाचा विलंब हा ८ मीटरांचा विलंब आहे, आणि ८ मीटर म्हणजे एका एस.टी.च्या लांबीचा बराचसा भाग. यावर उपाय म्हणजे पुढच्या वाहनापासूनचे अंतर वाढविणे, अंधार पडण्यापूर्वी मुक्कामी पोहोचणे, आणि यंत्राने या उणिवेला थोडी भरपाई द्यावी अशी तजवीज करणे.

ती भरपाई आज सुदैवाने कायद्यानेच मिळते. १२५ घनसेंटिमीटरहून अधिक क्षमतेच्या दुचाकींना चाक अडकू न देणारी ब्रेकव्यवस्था, म्हणजे एबीएस, नव्या नमुन्यांसाठी १ एप्रिल २०१८ पासून आणि सर्व गाड्यांसाठी १ एप्रिल २०१९ पासून सक्तीची झाली आहे. परंतु ज्यांनी गाडी चालविण्याचे शिक्षण ड्रम-ब्रेकच्या काळात घेतले त्यांचा हात पुढचा ब्रेक दाबायला अजून कचरतो. पुढचा ब्रेक मारला की माणूस हँडलवरून फेकला जातो, अशी समजूत त्या काळी घरोघर होती. वस्तुतः ब्रेक लागताच वाहनाचे वजन पुढच्या चाकावर येते, आणि कोरड्या डांबरावर थांबविण्याचे बहुतांश काम पुढचेच चाक करते. शिवाय जुन्या बुलेटचे गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी असे, तर येझदीत किक आणि गिअर एकाच दांड्याने चालत. बुलेटवर अर्धे आयुष्य काढलेल्या स्वाराचा डावा पाय घाबरलेल्या क्षणी नव्या गाडीच्या गिअरवर पडतो आणि गाडी थांबत नाही. ज्यांचे मोटारसायकल चालविणे मध्ये वीस-पंचवीस वर्षे सुटलेले आहे, त्यांनी नवी मोठी गाडी घेण्याआधी काही महिने एखादी साधी दीडशे घनसेंटिमीटरची गाडी रोज चालवावी, असा माझा आग्रह आहे.

आता आसनाच्या उंचीकडे वळू. जाहिरातींच्या पत्रकात छापलेला मिलिमीटरचा आकडा अर्धीच हकीकत सांगतो. आसन पुढच्या बाजूस रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि ८०० मिलिमीटरवरही टाच टेकत नाही. निमुळते असेल तर ८३० मिलिमीटरवरही दोन्ही पायांचे चवडे नीट टेकतात. स्वार बसल्यावर सस्पेन्शन किती दबते, यावरही प्रत्यक्ष उंची ठरते, आणि मागच्या शॉकॲबसॉर्बरच्या स्प्रिंगचा ताण आपल्या वजनाप्रमाणे जुळवून घेतला तर कधी कधी दुसरे काहीच करावे लागत नाही. हा ताण जुळविण्याचे काम शोरूममध्ये मागितल्याखेरीज सहसा करून देत नाहीत. ते मागून घ्यावे. आसनातला फोम कापून उंची कमी करण्याचा मार्ग मात्र मला पटत नाही. त्याने पाय जमिनीच्या जवळ येतात हे खरे, पण आसन आणि पायटेकणी यांतील अंतर कमी झाल्याने गुडघा अधिक दुमडतो, आणि दिवसभर दुमडलेला गुडघा संध्याकाळी उतरताना सरळ होण्यास नकार देतो. ज्याला पायाची लांबीच कमी पडते त्याने कारखान्याकडून मिळणारे कमी उंचीचे आसन घ्यावे किंवा दुसरीच गाडी पाहावी. दोन्ही टाचा टेकल्याच पाहिजेत असे नाही. दोन्ही चवडे भक्कम टेकावेत, आणि आसनावर किंचित सरकून एक टाच पूर्ण टेकता यावी, एवढे पुरे.

युरोप-अमेरिकेतल्या कारखानदारांनाही आपले गिऱ्हाईक वयाने वाढले याची जाणीव झालेली दिसते. हार्ले-डेव्हिडसनने २०२१ मध्ये आणलेल्या पॅन अमेरिका या गाडीच्या वरच्या दर्जाच्या नमुन्यात थांबण्याच्या वेळी सांगाडा आपोआप खाली बसण्याची सोय दिली, आणि २०२३ च्या बीएमडब्ल्यू आर १३०० जीएसलाही तशी सोय घेता येते. योजना स्तुत्य आहे. पण आर १३०० जीएसचे वजन २३७ किलो आहे, आणि उंची कमी झाल्याने ते वजन नाहीसे होत नाही. पैसा आहे म्हणून साठीनंतर पहिल्यांदाच असे वाहन घेणाऱ्यांना मी परावृत्त करीन. जन्मभर मोठ्या गाड्या चालविलेल्यांची गोष्ट निराळी.

माझ्या मते ज्याला एकट्याने, आडवाटेने जावयाचे आहे अशा स्वाराने १७० किलोच्या आसपास थांबावे, आणि २०० किलो ही शेवटची हद्द मानावी. आपल्या बाजारात या हद्दीच्या आत पुष्कळ सोय आहे. सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स ही २४९ घनसेंटिमीटरची गाडी १६७ किलो वजनाची आहे. आसन ८३५ मिलिमीटरवर, शक्ती साधारण २६ अश्वांची. हीरोची एक्सपल्स २१० साधारण त्याच वजनाची, पण पुढचे चाक २१ इंची असल्याने दगडधोंड्यांत अधिक निर्धास्त. रॉयल एनफिल्डच्या हिमालयनचा २०२३ साली आलेला ४५२ घनसेंटिमीटरचा नमुना १९६ किलोचा, ४० अश्वशक्तीचा. तिचे आसन ८२५ आणि ८४५ मिलिमीटर अशा दोन उंचींवर बसविता येते, आणि १७ लिटरची टाकी लांबच्या मजलांना पुरते. होंडाची एनएक्स ५०० हीदेखील १९६ किलोचीच, पण दोन सिलिंडरची. एका सिलिंडरच्या इंजिनाची थरथर मनगटांना आणि बोटांना मुंग्या आणते, आणि ज्याला मधुमेहामुळे किंवा मानेच्या मणक्यांमुळे हाताला आधीच बधिरपणा येतो त्याला तो त्रास दुपारपर्यंत असह्य होतो. अशा स्वाराने दोन सिलिंडरच्या इंजिनासाठी अधिक पैसे मोजावेत, तो अपव्यय ठरणार नाही. कोकण, गोवा, मराठवाडा आणि सह्याद्रीचे घाट एवढाच मनसुबा असेल तर मी विनासंकोच व्ही-स्ट्रॉम एसएक्स सुचवीन. दोन-दोन हजार किलोमीटरचे महामार्ग तुडवून हिमालय गाठायचा असेल, आणि पायांची लांबी व मांडीचे बळ साथ देत असेल, तर हिमालयन.

चाकांच्या बाबतीत एक गोष्ट निक्षून सांगावीशी वाटते. ट्यूबलेस टायरला खिळा लागला तर चाक न काढता, रबराची वात खुपसून आणि छोट्या पंपाने हवा भरून थोड्या वेळात पुढे निघता येते. ट्यूब असलेल्या टायरचे पंक्चर काढायचे म्हणजे चाक सोडवा, पट्ट्यांनी टायर उचकटा, ट्यूब बाहेर ओढा, असा बाहूंचा व कंबरेचा व्यायाम रस्त्याच्या कडेला बसून करावा लागतो. वरंधा घाटात भर पावसात हे काम एकट्याने करण्याची वेळ ज्याच्यावर येईल, त्याला ट्यूबलेस चाकांसाठी मोजावी लागणारी जास्तीची किंमत अत्यल्प वाटेल. १९ इंची मिश्रधातूचे ट्यूबलेस चाक हे वयस्क प्रवाशाला २१ इंची आऱ्यांच्या चाकापेक्षा सामान्यतः अधिक हितकर असते.

उंच प्रदेशाचा विचार इंजिनापेक्षा स्वाराच्या छातीसाठी अधिक करावा. खार्दुंग ला ही खिंड सुमारे ५,३५९ मीटर उंचीवर आहे; तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा होतो. इंधन फवारून देणारी आजची इंजिने विरळ हवेचा हिशेब आपोआप ठेवतात, शक्ती घटते पण गाडी चालत राहते. कार्ब्युरेटरच्या गाड्या मात्र घुसमटतात. माणसाच्या देहाला असा हिशेब ठेवायला दिवस लागतात. ३,५०० मीटरवरच्या लेहमध्ये निदान दोन दिवस स्वस्थ पडून राहिल्याशिवाय वर चढू नये, आणि हृदयाचे औषध घेणाऱ्यांनी वैद्याची अनुमती घेतल्याशिवाय या वाटेला जाऊच नये.

मोटारसायकल पडणार, हे गृहीत धरून ती उचलण्याची रीत घरच्या अंगणात, जाड गादी अंथरून, जवळ कोणी असताना शिकून घ्यावी. आधी इंजिन बंद करावे. उजव्या बाजूला पडली असेल तर डावीकडचा स्टँड उचलण्यापूर्वीच बाहेर काढून ठेवावा, नाही तर उभी झालेली गाडी पलीकडे जाते. हँडल पडलेल्या बाजूकडे पूर्ण वळवावे, म्हणजे खालची मूठ टाकीजवळ येते. मग गाडीकडे पाठ करून आसनाच्या कडेला कंबरेचा खालचा भाग टेकावा, एका हाताने मूठ आणि दुसऱ्या हाताने मागचा दांडा पकडावा, पाठ ताठ ठेवावी आणि लहान लहान पावलांनी मागे सरकत, सारा जोर मांड्यांनी लावून गाडी उभी करावी. वाकून, समोरून, हातांनी ओढून उचलू पाहणाऱ्याचा मणका तेथेच दुखावतो. ही रीत वापरूनही जी गाडी आपल्याला उचलवत नाही ती एकट्याच्या प्रवासासाठी आपली नव्हे, एवढा स्पष्ट कौल या एका परीक्षेतून मिळतो.

सरकारी बाजूही ध्यानात असावी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याप्रमाणे पंचावन्न वर्षे पूर्ण झालेल्याचा परवाना एका वेळी पाच वर्षांसाठीच मिळतो, आणि नूतनीकरणाच्या दरखास्तीबरोबर नमुना १-अ मधील वैद्यकीय दाखला जोडावा लागतो. किमतीच्या बाबतीत, २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० घनसेंटिमीटरपर्यंतच्या दुचाकींवर वस्तू व सेवा कर १८ टक्के आणि त्यावरील दुचाकींवर ४० टक्के आहे. हलकी गाडी घेण्यास हे आणखी एक कारण.

दसऱ्याच्या मुहूर्तावर गाडी घेण्याचा ज्यांचा संकल्प असेल त्यांना माझी विनंती आहे की चाचणी श्रावणातच घ्यावी. शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावरची पाच मिनिटांची फेरी पुरेशी समजू नये. प्रवासात घालावयाचे बूट पायांत असावेत, मागे वीसएक किलोचे ओझे बांधलेले असावे, आणि ओल्या चढावर थांबून पुन्हा निघणे, अरुंद रस्त्यावर पूर्ण वळण घेणे, खाली उतरून गाडी मागे ढकलणे, या तीन गोष्टी करून पाहाव्यात. एवढी मुभा जो विक्रेता देत नाही, त्याच्याकडे आगाऊ रक्कम भरू नये.